टक्के सोडा, युनिट मोजा: जुनी इलेक्ट्रिक गाडी घेताना आणि वापरताना

"बघा ताई, शंभर टक्के!" विकणाऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. बॅटरीचं हिरवं चित्र काठोकाठ भरलेलं आणि खाली २६१ किलोमीटर असा आकडा. पाच वर्षं वापरलेली गाडी आणि बॅटरी शंभर टक्के! शेजारी उभ्या असलेल्या माझ्या दिराने भुवया उंचावून मान हलवली. अर्थ स्पष्ट होता: वहिनी, घेऊन टाका.

माझा पेशा हिशेब तपासण्याचा. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या चाळून एक खोड लागलीय, टक्के दिसले की विचारायचं, कशाचे? हौद काठोकाठ भरलाय हे वरून दिसतं, तळाशी गाळ किती बसलाय ते दिसत नाही. बॅटरीचंही तेच. वापराने आणि नुसत्या वयानेसुद्धा तिच्यात मावणारी वीज कमी होत जाते, पण जे उरलंय त्यालाच गाडी शंभर म्हणते. मोबाइल जुना झाला तरी रात्रभर लावला की सकाळी शंभर दाखवतोच ना?

ती गाडी मी घेतली नाही. तीन आठवड्यांनी दुसरी घेतली, आता तिला साडेतीन वर्षं झाली आणि माझ्या हातून ६१ हजार किलोमीटर झाले. पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी एका वहीत आहेत. खाली जे सांगतेय ते त्या वहीतलं.

युनिट म्हणजे आपल्या विजेच्या मीटरवरचंच युनिट, एक किलोवॉट-तास. बॅटरी ४० ची आहे म्हणतात तेव्हा तिच्यात ४० युनिट मावतात. टाकी किती लिटरची, असं पेट्रोलच्या गाडीला विचारतो तसंच. फरक एवढाच की पेट्रोलची टाकी वर्षागणिक आकसत नाही.

ट्रायल अशी मारा

चौकाला वळसा घालून परत येण्याला मी ट्रायल म्हणत नाही. इलेक्ट्रिक गाडी तेवढ्यात कुणालाही आवडते. आवाज नाही, गिअर नाही, पाय दाबला की सुसाट. बॅटरी कळायची तर निदान ४० टक्के उतरेपर्यंत गाडी चालवावी लागते. विकणारा म्हणाला, "एवढं कोण फिरवतं ट्रायलला?" मी म्हटलं, विजेचे पैसे मी भरते, तुम्ही शेजारी बसा. बसला बिचारा.

निघताना बॅटरी ९० च्या आसपास असू द्या. ट्रिप मीटर शून्यावर आणा. नेहमी जसं चालवता तसंच चालवा, आणि जिथून निघालात तिथेच परत या, म्हणजे चढ-उतारांची फिटंफाट होते. पहिल्या गाडीला मी ९२ टक्क्यांवर निघाले आणि ८४ किलोमीटर फिरून ४७ टक्क्यांवर परत आले. स्क्रीनवर सरासरी होती १०० किलोमीटरला १५.५ युनिट. म्हणजे ८४ किलोमीटरला १३ युनिट जळले आणि त्यात ४५ टक्के उतरले. १३ ला ०.४५ ने भागा, पूर्ण बॅटरी २९ युनिटची निघते. हे मॉडेल नवं असताना त्यात वापरता येणारे ३८ युनिट होते. ३८ पैकी २९ म्हणजे ७६ टक्के. शंभर टक्केवाल्या गाडीचं खरं पोट एवढं.

दुसरी गाडी त्याच मॉडेलची, उलट एक वर्ष आधीची. डाव्या दारावर लांबलचक ओरखडा, मागच्या सीटवर कुत्र्याचे केस. ९१ वर निघाले, ३८ वर परतले, मध्ये ११२ किलोमीटर, सरासरी १५.९. गणित करून बघा: १७.८ युनिट, ५३ टक्के, पूर्ण बॅटरी साधारण ३३.६ युनिटची. ८८ टक्के! वयाने मोठी, पण पोटाने धडधाकट. चौकशी केल्यावर उलगडा झाला. पहिली गाडी भाड्याने चालायची, दिवसातून दोनदा फास्ट चार्जरवर शंभरपर्यंत भरून उन्हात उभी असायची. दुसरीच्या मालकाने ती घरीच, रात्री, सावलीत चार्ज केलेली. उष्णता आणि काठोकाठ भरलेली बॅटरी, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती सगळ्यात लवकर म्हातारी होते.

या गणितात काही ठेचा लागण्याच्या जागा आहेत. कंपन्या कधी बॅटरीची एकूण क्षमता सांगतात, कधी वापरता येणारी. थोडा भाग गाडी स्वतःसाठी राखून ठेवते. तुलना वापरता येणाऱ्या आकड्याशीच करा, नाहीतर चांगली गाडी उगाच बदनाम होईल. काही गाड्यांची सरासरी फक्त मोटरचा खर्च धरते, हीटर किंवा कूलिंगचा नाही. तेव्हा ट्रायलपुरते ते बंद ठेवा. कडाक्याच्या थंडीत बॅटरी कमी देते, त्या दिवशीचा आकडा थोडा सैल हाताने घ्या. आणि १०-१५ किलोमीटरवर हे गणित करूच नका. स्क्रीन पूर्ण टक्के दाखवते. पाच टक्के उतरले असताना एका टक्क्याची चूक म्हणजे पाचातला एक गेला. ४५ उतरले असताना तीच चूक जेमतेम दोन टक्क्यांची.

'अजून २६१ किलोमीटर जाईल' हा आकडा तर सरळ झाकून ठेवा. तो मागच्या काही किलोमीटरांवरून काढलेला अंदाज असतो. आदल्या दिवशी कुणी गाडी हळूहळू रमतगमत चालवली असेल तर तो फुगतो, महामार्गावर दामटली असेल तर आटतो. नवीन गाडीच्या जाहिरातीतला आकडाही कुठल्या चाचणीतला ते विचारा. युरोपात २०१७ पासून लागू झालेली डब्ल्यूएलटीपी चाचणी जुन्या एनईडीसीपेक्षा बरीच कडक आहे. त्यामुळे जुन्या गाडीचा माहितीपत्रकातला आकडा आजच्या गाडीशेजारी ठेवून उपयोग नाही.

आत डोकावण्याचं यंत्र

स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे मेकॅनिक गाडीच्या संगणकाला जोडून दोष तपासतात ते सॉकेट असतं. त्यात अंगठ्याएवढं ब्लूटूथ यंत्र खोचलं आणि त्या गाडीला चालणारं ॲप मोबाइलवर घेतलं, की बॅटरीचा अंतर्गत कारभार दिसतो. निसान लीफसाठी लीफ स्पाय नावाचं ॲप प्रसिद्ध आहे. त्यात एसओएच म्हणजे बॅटरीच्या तब्येतीचा आकडा दिसतो. तो बघा, पण त्याच्यावर विसंबू नका, कारण तोही गाडीच्या संगणकाने केलेला अंदाजच आहे. सुरुवातीच्या लीफमध्ये डॅशबोर्डवर क्षमतेच्या १२ पट्ट्या असतात. पहिली पट्टी गळते तेव्हाच साधारण १५ टक्के क्षमता गेलेली असते. संगणक रीसेट करून गळलेल्या पट्ट्या काही काळ परत उगवलेल्या दाखवायची लबाडीही झालेली आहे. रस्त्यावर जाळलेल्या युनिटांना मात्र रीसेट करता येत नाही.

मी त्या ॲपमध्ये सगळ्यात आधी बघते तो सेलच्या व्होल्टेजमधला फरक. बॅटरीच्या पॅकमध्ये शेकडो सेल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या असतात आणि साखळीसारखे त्यातला सर्वांत अशक्त सेल ठरवतो की गाडी कुठे थांबणार. गाडी उभी असताना सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमध्ये १०-२० मिलिव्होल्टचा फरक ठीक. बॅटरी २०-२५ टक्क्यांवर आणून, जोरात पाय दाबल्यावर हा फरक शंभराच्या बराच वर उडी मारत असेल तर एखादा सेल लंगडा आहे. भरलेल्या बॅटरीवर हे दुखणं लपतं, म्हणून विकणारा गाडी नेहमी भरून दाखवतो. लबाडीनेच असं नाही, पाहुण्याला आपण घर आवरूनच दाखवतो.

कागद, खोबणी आणि पोटाखालची बाजू

बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतलं जे आधी संपेल तोवर वॉरंटी देतात आणि क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर दुरुस्ती किंवा बदली. वॉरंटी नव्या मालकाकडे येते का आणि सर्व्हिसिंग चुकल्यामुळे ती रद्द तर झाली नाही ना, हे कंपनीच्या केंद्रात चेसिस नंबर देऊन विचारायचं. ७६ टक्क्यांची गाडी म्हणजे धड ना इकडे धड ना तिकडे. वॉरंटीचा दावा करावा इतकी वाईट नाही, लांबच्या प्रवासाला पुरेल इतकी चांगली नाही. तरी रोजचं जाणं-येणं चाळीस-पन्नास किलोमीटर असेल आणि किंमत त्या मानाने उतरवून मिळत असेल, तर ती घ्यायला माझी काही हरकत नाही. फक्त पैसे २९ युनिटांचे द्या, ३८ चे नकोत.

चेसिस नंबरवरून परत बोलावलेल्या गाड्यांची यादीही बघा. शेव्हरोले बोल्टच्या तोवर बनलेल्या सगळ्या गाड्या २०२१ मध्ये बॅटरीतल्या दोषामुळे परत बोलावल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना नवी बॅटरी मिळाली. म्हणजे नीट शोधलं तर जुन्या गाडीत तरुण बॅटरी सापडू शकते. उलट रेनॉ झोईसारख्या काही गाड्या युरोपात अशा विकल्या गेल्या की गाडी मालकाची पण बॅटरी भाड्याची. गाडी घेऊन झाल्यावर दरमहा भाड्याचं पत्र येऊन पडलं तर काय घ्या? बॅटरी गाडीसोबत विकली जातेय, हे कागदावर लिहून घ्या.

मग चार्जिंगची खोबणी. टाइप १, टाइप २, सीसीएस, चाडेमो, टेस्लाची एनएसीएस, चीनची जीबी/टी, असे प्रकार आहेत. आपल्या नेहमीच्या रस्त्यावरच्या चार्जरला कुठली पिन असते ते आधी जाऊन बघा. चाडेमोच्या गाड्या स्वस्त मिळतात त्याचं एक कारण हेच आहे की बऱ्याच ठिकाणी नवे चार्जर सीसीएसचे लागतात. सुरुवातीच्या झोईत तर डीसी फास्ट चार्जिंगच नव्हतं. खोबणीत टॉर्च मारून पिना बघा. काळवंडलेली किंवा वितळलेल्या कडेची पिन दिसली की समजा, आत काहीतरी तापत होतं.

आणि गाडी घेण्याआधी ती दोन्ही प्रकारे चार्ज करूनच बघा, साध्या एसी चार्जरवर आणि फास्ट डीसीवर, पंधरा-पंधरा मिनिटं. एसीची वीज गाडीतल्या चार्जरमधून जाते, डीसीची थेट बॅटरीत. एक चालतं म्हणून दुसरं चालेलच असं नाही, आणि गाडीतला चार्जर बिघडला तर तो महागातला भाग आहे.

गाडी रॅम्पवर चढवून पोटाखाली बघायला विसरू नका. बॅटरी तिथेच असते. गतिरोधकावर आपटल्याची खूण, चेपलेली पत्र्याची कड, कूलंटचा ओघळ, पाण्यात बुडल्याची चिखलाची रेघ, यातलं काही असेल तर मी नमस्कार करून निघते.

घरी चार्जिंग: एक वितळलेली पिन

पहिले पाच आठवडे मी भिंतीतल्या साध्या तीन पिनांच्या सॉकेटवरच गाडी लावत होते. गाडीसोबत आलेली वायर, १० अँपिअर, काही अडलं नाही. २३० व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे २.३ किलोवॉट. रात्री नऊला लावली की सकाळी सातपर्यंत जवळजवळ वीस युनिट. मला रोज आठच लागायचे.

सहाव्या आठवड्यात रात्री अकराला करपल्यासारखा वास आला. गॅस बघितला, फ्रिजच्या मागे वाकून बघितलं, शेवटी खाली गेले. प्लगला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मेन स्विच बंद करून पिन ओढली तर सॉकेटच्या एका भोकाभोवती प्लॅस्टिक तपकिरी होऊन बुडबुडे आलेले आणि पिनेवर निळसर झाक. वायरमन दुसऱ्या दिवशी आला, सॉकेट उघडलं आणि एक स्क्रू बोटांनी फिरवून दाखवला. ढिला. "इस्त्री दहा मिनिटं चालते, गीझर वीस," तो म्हणाला. "ही तुमची गाडी दहा तास ओढते, आणि रोज." ढिल्या सांध्यात अडथळा वाढतो, अडथळ्याने उष्णता, उष्णतेने स्प्रिंग सैल, की सांधा आणखी ढिला. चक्र सुरू झालं की थांबत नाही.

तेव्हा गाडीला स्वतंत्र लाइन घ्या. मुख्य बोर्डापासून वेगळी, तिचं स्वतःचं, जास्त भार आला की पडणारं एमसीबी, गळती पकडणारं आरसीसीबी आणि नीट तपासलेलं अर्थिंग. माझ्याकडे ३२ अँपिअरचा, ७.४ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर आहे आणि त्याला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. बोर्ड लांब असेल तर याहून जाड लागते. ते वायरमनला मोजू द्या. चार्जरमध्ये डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का, हेही त्याला विचारा. नसेल तर साधं आरसीसीबी पुरत नाही. महिन्याभराने सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळून घ्या. तांबं तापतं, निवतं आणि सैलावतं. घराला मंजूर झालेला भार किती आहे ते बिलावर बघा. गाडी, गीझर आणि ओव्हन एकदम लागले की काय होतं ते मी अंधारात बसून शिकलेय.

साधं सॉकेटच वापरायचं असेल तर गाडीच्या सेटिंगमधून अँपिअर कमी करा, ८ किंवा ६. तासाभराने प्लगला हाताची मागची बाजू लावा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद. एक्स्टेन्शन बोर्ड नको. गुंडाळी न सोडलेला तर मुळीच नको, कारण वेटोळ्यात उष्णतेला बाहेर पडायला जागाच नसते. पावसात चार्जिंग करायला मात्र घाबरू नका. बंदूक, म्हणजे वायरच्या टोकाचा प्लग, खोबणीत बसून गाडी आणि चार्जरचं आपसात बोलणं झाल्याशिवाय पिनांमध्ये वीज येतच नाही. भिजता कामा नये ते भिंतीतलं सॉकेट.

वहीतला एक आकडा बघून माझा मलाच धक्का बसला. मी चार्जरला वेगळा मीटर लावलाय. साध्या सॉकेटवर मीटरमध्ये १०० युनिट पडले की गाडीत ८४-८५ पोचायचे, भिंतीवरच्या चार्जरवर ९० च्या आसपास. चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीतले संगणक आणि पंप जागे असतात, तेही वीज खातात. दहा तास जागरण केलं तर खाणं जास्त, तीन तास केलं तर कमी. तेव्हा गाडीचं एव्हरेज कुणी स्क्रीनवरून सांगितलं तर बिलासाठी त्या युनिटांत अकरा ते अठरा टक्के मिळवा.

किती भरायची

लोक हे सगळ्यात जास्त विचारतात आणि उत्तर बॅटरीच्या जातीवर आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्टची, म्हणजे एनएमसी असेल तर रोज ८० पर्यंत पुरे. शंभर लांब जायच्या आदल्या रात्री, आणि असं लावा की निघायच्या वेळीच भरून होईल. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा शंभर करा. तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात इतका सपाट असतो की गाडीला टक्के कळेनासे होतात. काठाला टेकल्यावर हिशेब जुळतो. माझी एनएमसी आहे. मी ७५ वर ठेवते आणि २० च्या खाली सहसा जात नाही. गाडी महिनाभर उभी ठेवायची तर निम्म्यावर.

पण याचा बाऊ करू नका. माझ्या ओळखीत एकजण ८१ टक्के दिसले की झोपेतून उठून वायर काढायला जातो. गाडी आपल्यासाठी आहे, आपण गाडीसाठी नाही.

बाहेरचे चार्जर

१५० किलोवॉटचा चार्जर दिसला म्हणून तुमची गाडी १५० ने घेईल असं नाही. वेग गाडी ठरवते. माझी ५० च्या वर जात नाही, मग मी मोठ्या चार्जरवर मोठ्या गाडीची जागा अडवत नाही. भरण्याचा वेगही सारखा नसतो. खालून भराभर चढते आणि ८० नंतर मुंगीच्या पावलाने. वहीत १० ते ८० ला ४१ मिनिटं आहेत, आणि एकदा हट्टाने शंभर केलं तेव्हा पुढच्या वीस टक्क्यांना ४६. त्या वेळात मी पुढच्या चार्जरपर्यंत पोचले असते. लांबच्या प्रवासात म्हणून थोडं थोडं, दोनदा थांबणं फायद्याचं.

बॅटरी गारठलेली असेल तर ती वीज घेत नाही. थंड बॅटरीत जोराने भरलं तर आत लिथियमचा थर जमतो आणि कायमचं नुकसान होतं, म्हणून गाडी स्वतःच हात आखडते. बऱ्याच नव्या गाड्यांत नकाशात चार्जर हाच मुक्काम म्हणून टाकला की वाटेतच बॅटरी गरम केली जाते. फारच तापली तरी वेग पडतो. बॅटरीला द्रव कूलिंग नसलेल्या लीफच्या ४० युनिटवाल्या गाड्यांचा हा अनुभव इतका सार्वत्रिक होता की २०१८ मध्ये त्याला 'रॅपिडगेट' असं नावच पडलं. दिवसातून दोन-तीनदा फास्ट चार्जिंगचा प्रवास करणार असाल तर कूलिंगची चौकशी आधी करा.

चार्जर चालू होत नसेल तर लगेच मदतकेंद्राला फोन लावू नका. फास्ट चार्जरची वायर जड असते, तिच्या वजनाने बंदूक खाली झुकते आणि जोडणी अर्धवट राहते. दोन्ही हातांनी वर उचलून आत दाबून धरा, आणि दुसऱ्या कुणाला तरी कार्ड लावायला सांगा. माझ्या अनुभवात दहातले सहा बंद चार्जर असे चालू झालेत. तरी नाहीच, तर गाडी लॉक-अनलॉक करून पुन्हा. बंदूक अडकली तर ती सोडवायची एक हाताने ओढायची दोरी बऱ्याच गाड्यांत बॉनेटखाली किंवा डिकीत असते. ती कुठे आहे ते घरी असतानाच शोधून ठेवा. आणि चार्जरला पोचताना १५-२० टक्के हाताशी असू द्या. चार्जर बंद निघतो, किंवा चालू असतो आणि समोर पेट्रोलची गाडी लावलेली असते.

साठ टक्के असूनही मेलेली गाडी

तीन आठवडे गाडी उभी होती, ६० टक्क्यांवर. मी लांबून रोज ॲप उघडून बघायचे, टक्के उतरत नाहीत ना. परत आले तर गाडी उघडेना. दिवा नाही, आवाज नाही. दोष मोठ्या बॅटरीचा नव्हताच. दरवाजे, संगणक, मोठ्या बॅटरीची जोडणी हे सगळं जागं करणारी साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसली होती. आणि ती बसवली मीच! ॲप उघडलं की दर वेळी गाडी झोपेतून उठायची आणि छोटीला घोट घोट पीत राहायची.

किल्लीच्या यंत्रातच एक लोखंडी किल्ली दडलेली असते, तिने दार उघडलं. डिकी विजेवर उघडणारी, आणि मदतीची वायर डिकीत. दीर मागच्या सीटवरून सरपटत आत गेला आणि डिकीतून विचारू लागला, "वहिनी, ही कसली आधुनिक गाडी?" शेवटी शेजारच्यांकडचा १२ व्होल्टचा बूस्टर लावला, दोन मिनिटांत गाडी उठली. तेव्हापासून बूस्टर मी पुढच्या कप्प्यात ठेवते. छोटी बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर ती मरायची वाट न बघता बदला, जुनी गाडी घेतल्याबरोबर तर आधी हेच. आपल्या इलेक्ट्रिक गाडीने दुसऱ्याची गाडी जंप करायला जाऊ नका. बऱ्याच माहितीपुस्तिकांत त्याला मनाई आहे. गाडी बंद पडलीच तर दोरीने ओढायची नाही, सपाट पाठीच्या ट्रकवर चढवायची. चाकं फिरली की मोटर वीज बनवू लागते.

सर्व्हिसिंगला फारसं काही नसतं, हे खरं. टायर लवकर झिजतात, कारण गाडी जड आणि ओढ दांडगी. नवे घेताना वजनाचा निर्देशांक, म्हणजे टायर किती भार पेलतो तो आकडा, मूळ टायरचाच बघा. ब्रेक उलट कमी वापरले जातात आणि डिस्क गंजतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा कचकचून दाबा. कूलंट कमी वाटलं म्हणून घरातलं कुठलंही ओतू नका. काही गाड्यांना कमी वीज वाहणारं खास कूलंट लागतं.

आधीच्या मालकाला गाडीतून उतरवा

कागदपत्रं, विमा, दोन्ही किल्ल्या, चार्जिंगची वायर, चार्जिंग कार्डं हे सगळं घेतलं की एक काम उरतं आणि ते मी विसरले. गाडी त्याच्या ॲपला जोडलेली असते. त्याने आपल्या खात्यातून ती काढून टाकली पाहिजे आणि मग तुम्ही स्क्रीनवरून सगळा डेटा पुसून तुमच्या नावाने जोडली पाहिजे. तोवर तो दारं उघडू शकतो, गाडी कुठे आहे ते बघू शकतो. हे त्याच्या समोर, पैसे देण्याआधी करा. दुकानातून घेत असाल तर ते कंपनीकडून करून घ्या.

मला हे कळलं ते अकराव्या दिवशी. गाडी उभी असताना आतला पंखा आपोआप सुरू झाला, दोन मिनिटांनी बंद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी सर्व्हिस सेंटरला जायच्या तयारीत असताना आधीच्या मालकाचा फोन आला, आवाजात काळजी.

"ताई, सॉरी हं, माझ्या मोबाइलवर अजून गाडी दिसते. नातवाच्या हातात मोबाइल गेला की तो पंख्याचं बटण दाबतो. पण एक विचारू? चार दिवस बघतोय, ४८ टक्क्यांवरच आहे. तुम्ही चार्ज का करत नाही?"